मानवी वाणीचे सामर्थ्य

वाचन व मनन : १ शमुवेल ३:१-१०, योहान १०:१-५, रोमकरांस १०:१४-१७, याकोब ३:१-१२



दरवर्षी ३ फेब्रुवारीला, संत ब्लेझ यांच्या सणाच्या दिवशी, आपण सर्वजण वेदीसमोर रांगेने येतो. दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून धर्मगुरू प्रार्थना करतात आणि आपण आशीर्वाद घेऊन परततो. घशाचे आजार होऊ नयेत, एवढाच या आशीर्वादाचा अर्थ आपण बहुतेक जण धरून असतो. तो अर्थ खराच आहे. परंतु ज्या गळ्यावर ख्रिस्तसभा आशीर्वाद मागते त्या गळ्यातून बाहेर काय पडावे, याचाही विचार व्हायला हवा. म्हणून या रविवारी आपण मानवी वाणी या विषयाचा थोडा सविस्तर अभ्यास करू या.

आवाज आणि वाणी

प्रथम एक साधा भेद लक्षात घेऊ. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने आत्म्याविषयीच्या आपल्या ग्रंथात विचारले आहे की, प्राण्याच्या गळ्यातून निघणारा प्रत्येक ध्वनी हा वाणी म्हणता येईल काय? त्याचे उत्तर नकारार्थी आहे. खोकला गळ्यातूनच येतो, पण खोकला म्हणजे बोलणे नव्हे. जिवंत प्राणी जेव्हा मनात काही अर्थ धरून ध्वनी काढतो तेव्हाच तो ध्वनी वाणी ठरतो. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी या ग्रंथावर भाष्य लिहिले आणि हाच विचार स्वीकारला. म्हणजे वाणीमध्ये दोन गोष्टी एकत्र येतात : शरीर आणि आत्मा. श्वास, गळा, जीभ, ओठ हे शरीराचे. अर्थ हा आत्म्याचा.

शरीराचा भागही थोडा समजून घेऊ, कारण तोही देवाचीच निर्मिती आहे. आपल्या कंठात दोन लहान पडदे असतात. फुप्फुसातून वर येणारी हवा त्यांना कंप देते. पुरुष साधे बोलत असताना हे पडदे सेकंदाला सुमारे शंभर ते दीडशे वेळा आणि स्त्रियांचे सुमारे दोनशे वेळा हलतात. तो ध्वनी पुढे घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीत घुमतो, जीभ व ओठ त्याला आकार देतात आणि मग त्याचा शब्द होतो. प्रत्येकाच्या शरीराची ठेवण वेगळी, म्हणून प्रत्येकाचा आवाज वेगळा. अंधारात कोणी नुसते ‘अगं माय’ म्हटले तरी घरातले कोण आले हे आपण ओळखतो.

आपल्या देशातील विचारवंतांनीही वाणीचा खोल विचार केला आहे. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा वाणीच्या चार पायऱ्या ते सांगतात. तोंडावाटे बाहेर पडते ती वैखरी, म्हणजे अगदी शेवटची पायरी. त्याआधी शब्द आत कुठेतरी खोल तयार होत असतो. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील महागुरुस्वामी संत ऑगस्टीन यांनी चौथ्या-पाचव्या शतकात, या विचाराशी काही संबंध नसताना, जवळजवळ याच वाटेने जाऊन एक सुंदर प्रवचन दिले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्मदिनी ते आपल्या लोकांना समजावून सांगतात : मला तुम्हांला काही सांगायचे असते तेव्हा शब्द आधी माझ्या मनात असतो, तो तुमच्या मनात पोहोचावा म्हणून मी आवाजाचा उपयोग करतो, आवाज येतो आणि विरून जातो, शब्द मात्र तुमच्या मनात राहतो आणि माझ्या मनातूनही जात नाही. योहान हा आवाज होता, ख्रिस्त हा शब्द. म्हणूनच योहान लहान होत गेला आणि ख्रिस्त वाढत गेला.

आपल्या प्रत्येकाच्या आवाजाचे खरे स्थान येथे दिसते. आवाज हा स्वतःसाठी नसतो. आपल्या मनात जे आहे ते दुसऱ्याच्या मनात उतरवून स्वतः बाजूला होणे हे त्याचे काम. मग प्रश्न उरतो तो एवढाच की, आपल्या मनात काय आहे.

पवित्र ग्रंथातील आवाज

पवित्र ग्रंथाच्या पहिल्याच पानावर देव बोलतो आणि प्रकाश होतो. तो हाताने काही घडवताना दिसण्याच्या आधी बोलताना दिसतो. मनुष्य पापात पडतो तेव्हाही देव प्रथम हाक मारतो आणि आदाम लपून बसतो. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत ही हाक थांबत नाही.

देवाने निवडलेली माणसे मात्र चांगले बोलणारी होती असे नाही. मोशे स्वतःच देवाला सांगतो की, आपली जीभ जड आहे, आपल्याला बोलता येत नाही. तरी त्यालाच फारोपुढे उभे केले गेले. जखऱ्या याजक देवदूताच्या निरोपावर विश्वास ठेवत नाही आणि त्याची वाचा जाते. मुलाचे नाव पाटीवर लिहून देताच वाचा परत येते, आणि त्या वाचेने त्याने पहिले काम केले ते देवाची स्तुती करण्याचे.

पवित्र मरिया अलिशिबेच्या घरी जाते तो प्रसंग आपण जपमाळेच्या दुसऱ्या आनंदी रहस्यात दरवेळी स्मरतो. मरियेने फक्त नमस्कार केला. तो आवाज कानी पडताच अलिशिबेच्या पोटातील बाळाने आनंदाने उडी मारली असे संत लूक लिहितात. अलिशिबेला तेव्हा सहावा महिना होता. आज वैद्यकशास्त्रही सांगते की, साधारण याच सुमारास पोटातील बाळाला बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात. १९८० साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी दाखवून दिले की, जन्मून तीन दिवसही न झालेले बाळ इतर स्त्रियांच्या आवाजापेक्षा आपल्या आईच्या आवाजाकडे अधिक ओढ घेते. म्हणजे आईचा चेहरा पाहण्याच्या कितीतरी आधी मूल तिचा आवाज शिकलेले असते. गर्भवती सुनेशी घरात कोणत्या सुरात बोलले जाते, याचा विचार करायला एवढे पुरे आहे.

एलिया संदेष्टा होरेब डोंगरावर देवाची वाट पाहत असतो. वादळ येते, भूकंप येतो, अग्नी येतो. देव त्यांत नसतो. शेवटी एक मंद, हळुवार स्वर येतो आणि एलिया तोंडावर झगा ओढून घेतो. मोठा आवाज म्हणजे सामर्थ्य ही समजूत या एका प्रसंगाने खोटी ठरते. आपल्याकडे अलीकडे वरात असो की मिरवणूक, भिंती हादरल्याशिवाय कार्यक्रम झाला असे कोणाला वाटत नाही. देवाचे मात्र तसे नाही.

प्रभू येशूने स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हटले, ते तर आपल्या भागात समजावून सांगण्याची गरजच नाही. उन्हाळ्यात रान मोकळे झाले की, शेताला खत मिळावे म्हणून शेतकरी धनगरांचे कळप आपल्या वावरात बसवतात. दोन-तीन कळप एकाच पाणवठ्यावर आले तर परक्या माणसाला वाटते की, आता या मेंढ्या वेगळ्या कशा करणार. पण प्रत्येक धनगर आपल्या नेहमीच्या स्वरात साद घालतो आणि ज्याची त्याची मेंढी त्याच्यामागे जाते. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू हेच सांगत आहे. मेंढी मालकाला ओळखते ती आवाजावरून, आणि परक्याच्या आवाजापासून पळते. पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया माग्दालेनाला समोर उभा असलेला प्रभू डोळ्यांनी ओळखता आला नाही. तिला तो माळी वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली आणि तिने त्याला ओळखले.

आपल्या भाषेत आलेला शब्द

देवाचा शब्द आपल्यापर्यंत मराठीत पोहोचला तोही आवाजाच्या वाटेने. याचा इतिहास आपल्या मुलांना माहीत असायला हवा.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच वारले. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी साष्टी प्रांतातील लोकांमध्ये सेवा केली, त्यांची भाषा आत्मसात केली, आणि ‘ख्रिस्तपुराण’ हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ मराठीत रचला. तो १६१६ साली राशोल येथे छापला गेला. ग्रंथाच्या आरंभीच असा प्रसंग येतो की, ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? हा प्रश्न अगदी रास्त होता. लोकांना पुराण वाचायचे नव्हते, ऐकायचे होते. संध्याकाळी एकत्र बसावे, एकाने ओवी म्हणावी आणि बाकीच्यांनी ऐकावी, ही त्यांची जुनी रीत. फादर स्टीफन्स यांनी ती रीत ओळखली आणि उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा ओवीत बसवली, म्हणजे ती डोळ्यांसाठी नव्हे तर कानांसाठी लिहिली.

त्या काळी गोव्यात देवनागरी छपाईची सोय नव्हती, त्यामुळे हे मराठी पुस्तक रोमन अक्षरांत छापावे लागले. सामान्य माणसाला ते वाचता येणे कठीणच होते. तरीही रविवारी आणि सणाच्या दिवशी एक वाचक ते म्हणत असे आणि सारे देऊळ ऐकत असे. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. नंतर काळ बदलला. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण हाताने उतरवून घेतलेल्या प्रती घराघरांत राहिल्या, लोक त्या म्हणत राहिले, आणि त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापता आला. टिपू सुलतानाच्या कैदेत असलेल्या मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना, धर्मगुरू जवळ नसताना, या पुराणाच्या पठणाने धीर दिला असे तेथील परंपरा सांगते. कागद नाहीसा झाला तरी कंठात राहिलेली श्रद्धा टिकली.

दुसरे उदाहरण आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांमधील आहे, पण त्याचा लाभ आपण सर्वच घेतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. मराठी ख्रिस्ती माणूस परक्या चालीवर देवाची स्तुती गातो आणि त्यामुळे त्याचे मन पूर्णपणे मोकळे होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. टाळ हाती घेऊन प्रभूचे नाव गाता येते हे मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांच्यामुळे उमगले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. पण त्यांनी लिहिलेले ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण वाचतो आहोत असे वाटतच नाही. ओसरीवर बसून एखादी आजी बोलते आहे असे वाटते. पतीच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही त्यांनीच पूर्ण केले.

या दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट शिकायची. संत पौल रोमकरांस लिहितात की, विश्वास ऐकण्याने होतो आणि कोणी सांगितल्याशिवाय ऐकणार कसे. देवाच्या शब्दाला माणसाचा आवाज लागतो, आणि तोही ऐकणाऱ्याच्या ओळखीचा.

मिस्सेतील आपला आवाज

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेत मिस्सा होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यापूर्वी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. आपल्यातील काही वडीलधाऱ्यांनी तो काळ पाहिला आहे. त्याच दस्तऐवजात अशी शिकवण आहे की, मंदिरात पवित्र शास्त्र वाचले जाते तेव्हा स्वतः ख्रिस्तच बोलत असतो. हे वाक्य वाचकांनी मनावर घ्यावे. वाचनपीठावर उभा राहिलेला आपला शेजारी, त्याचा तो घसा, त्याचे ते वऱ्हाडी वळणाचे बोलणे, आणि बोलणारा मात्र प्रभू.

पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून ठरवून दिला आणि जानेवारी २०२१ मध्ये वाचकपदाची सेवा स्त्रियांनाही विधिपूर्वक खुली केली. आपल्याकडे भगिनी आणि मुली वाचन करतातच. त्यांच्या सेवेला ख्रिस्तसभेने दिलेली ही मान्यता आहे. म्हणून आमची वाचकांना विनंती आहे की, वाचन शनिवारीच घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहावे. कठीण नावे आधी विचारून घ्यावीत. घाई करू नये. ‘मला शहरासारखे बोलता येत नाही’ म्हणून कोणी मागे राहू नये. पेत्र गालीली आहे हे महायाजकाच्या अंगणातील लोकांनी त्याच्या बोलण्यावरूनच ओळखले होते, आणि त्याच पेत्राच्या त्याच बोलीतील प्रवचनाने पेंटेकॉस्टच्या दिवशी तीन हजार लोकांनी बाप्तिस्मा घेतला.

बाकीच्यांनाही एक सांगणे आहे. २०२० साली टाळेबंदीत मंदिरे बंद होती आणि अनेक ठिकाणी मिस्सा मोबाइलवर पाहावी लागली. त्या वेळी रिकाम्या बाकांपुढे प्रार्थना म्हणणाऱ्या धर्मगुरूंना एक गोष्ट फार जाणवली : लोकांचा प्रतिसाद नव्हता. मिस्सा ही एकट्या धर्मगुरूची प्रार्थना नाही. आज बाक भरलेले आहेत, पण प्रतिसाद कधी कधी पुढच्या दोन रांगांतूनच येतो. ‘आमेन’ म्हणजे ‘होय, तसेच असो’ अशी सही आहे. सही दुसऱ्याने आपल्यासाठी करून चालत नाही.

संस्कारांकडे पाहिले तरी हेच दिसते. नुसते पाणी म्हणजे बाप्तिस्मा नव्हे; पाण्याबरोबर शब्द हवा. विवाहात हार, अंगठी, वाजंत्री सारे असले तरी वधू-वर आपल्या तोंडाने संमती देतात तेव्हाच विवाह होतो. पापनिवेदनही समोरासमोर होते, ते फोनवर करता येत नाही. खामगावच्या बाजार समितीत हर्रासात बोली लागली की, कागद होण्याआधीच सौदा झाला असे व्यापारी व शेतकरी दोघेही मानतात. बाजारात दिलेल्या शब्दाची आपण एवढी किंमत करतो, तर वेदीपुढे दिलेल्या शब्दाची किती करावी?

घरातील आवाज

बाल शमुवेलाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. देव रात्री त्याला हाक मारतो. शमुवेल उठून एली याजकाकडे धावतो, कारण त्याला वाटते एलीनेच बोलावले. असे तीनदा होते. या गोष्टीत एक सूक्ष्म मुद्दा आहे. त्या मुलाला देवाचा आवाज घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आवाजासारखा वाटला. आणि तो घाबरून पांघरुणात शिरला नाही, धावत गेला. म्हणजे एलीचा आवाज त्याच्यासाठी भीतीचा नव्हता.

आता आपण आपल्या घराकडे पाहू. आपल्या मुलाला उद्या देवाने हाक मारली तर ती त्याला कोणासारखी वाटेल? संध्याकाळी बापाचा आवाज रस्त्यावरून ऐकू आला की, लेकरे दाराशी येतात की चुलीमागे जातात? दारूने जड झालेला आवाज, सासूचा टोमणा, नवऱ्याची शिवी, भावाभावांतील बांधाचे भांडण, हे सारे मुले ऐकतात आणि साठवून ठेवतात. संत याकोब जिभेची तुलना ठिणगीशी करतात, जिने सारे रान पेटते. उन्हाळ्यात ज्ञानगंगेच्या जंगलात किंवा घाटात वणवा लागलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही उपमा कळेल. त्याच पत्रात ते म्हणतात की, एकाच मुखातून देवाची स्तुती आणि माणसाला शाप निघणे योग्य नाही. एकाच झऱ्याला गोड आणि कडू पाणी येत नाही.

गळ्याच्या आशीर्वादाविषयीही येथेच बोलू. ३ फेब्रुवारीला आशीर्वाद घ्यायचा आणि मंदिराबाहेर येऊन खर्ऱ्याची पन्नी उघडायची, हे एकत्र जात नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी आपल्या गावांत काय चालते ते सर्वांना ठाऊक आहे. तंबाखूने तोंडाचा व घशाचा कर्करोग होतो. कंठाचा रोग वाढला तर कंठच काढून टाकावा लागतो आणि माणूस आपला आवाज कायमचा गमावतो. आवाज तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ बसलेला राहिला तर घरगुती उपाय करत न बसता सरकारी दवाखान्यात दाखवावे. ज्या कंठाने आपल्याला देवाचे नाव घ्यायचे आहे त्याची काळजी घेणे हाही धर्मच आहे.

एका हाकेचे मोल

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहीत आहोत तिच्याकडे येतो.

२००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर केली. त्या सहांमध्ये आपला बुलढाणा जिल्हा होता. त्यानंतर कर्जमाफीही झाली, योजनाही आल्या. तरी हे दुःख आपल्या जिल्ह्यातून गेलेले नाही. घाटावर असो की घाटाखाली, कापूस असो की सोयाबीन, पाऊस दगा देतो, भाव पडतो आणि माणूस आतल्या आत बोलायचे थांबतो. कोणत्याही एका कारणाने असे घडत नाही, आणि मागे राहिलेल्या कुटुंबाला दोष देण्याचा कोणालाही अधिकार नाही. ख्रिस्तसभाही अशा मृतांसाठी प्रार्थना करते आणि त्यांना देवाच्या दयेवर सोपवते.

पण वाणीच्या विषयात आपल्याला काही शिकायचे असेल तर ते येथे. संकटात सापडलेल्या माणसाचा आवाज बदलतो. जो कट्ट्यावर बसून बोलायचा तो घरी थांबतो. ‘आता काय राहिलं’, ‘माझ्यामागं लेकरायचं पाहा’ असे काही तो बोलून जातो आणि आपण ते हसण्यावारी नेतो. पुष्कळदा ते बोलणे म्हणजे मदतीची हाक असते. अशा वेळी उपदेश नको, तुलना नको, ‘तुझ्यापेक्षा अमक्याचं जास्त वाईट आहे’ असे तर मुळीच नको. त्याच्या घरी जावे, जवळ बसावे आणि विचारावे : ‘का गा, जेवलास का? काय चाललंय मनात?’ जीव देण्याचा विचार येतो का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना सांगावे, दवाखान्यात न्यावे. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावा. आणि धर्मग्रामगृहाचे दार वाजवायला वेळ-काळ पाहू नये.

दुसऱ्याचे कर्ज फेडणे आपल्यापैकी बहुतेकांना शक्य नाही. हाक मारणे सर्वांना शक्य आहे. प्रभूने लाजराच्या कबरेपुढे उभे राहून मोठ्याने हाक मारली तेव्हा मेलेला मनुष्य बाहेर आला. आपल्याला ते सामर्थ्य नाही. पण कबरेच्या दिशेने चाललेल्या माणसाला नावाने हाक मारून थांबवण्याचे सामर्थ्य देवाने आपल्याही आवाजात ठेवले आहे. ते वापरू या.

पुण्या-सुरतेला कामाला गेलेल्या मुलांनाही हेच सांगणे. पैसे पाठवता ते चांगलेच, पण आई-वडिलांना संदेशापेक्षा आवाज हवा असतो. रविवारी मिस्सेनंतर पाच मिनिटे फोन करा. आता संगणकाने माणसाच्या आवाजाची नक्कल होते आणि मुलाच्या आवाजात फोन करून पैसे उकळण्याचे प्रकारही होतात; म्हणून घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवणे बरे. पोप लिओ चौदावे यांनी २०२६ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी मानवी आवाज आणि चेहरे जपण्याचा विषय दिला, तो याच काळजीतून. यंत्र आवाज काढील, पण त्यामागे कोणाचे मन नसते. आपण सुरुवातीला पाहिलेला भेद येथे पुन्हा उपयोगी पडतो.

ज्यांना आवाज नाही

शेवटी एक गैरसमज दूर करू. वाणीचे एवढे मोल सांगितले म्हणून मुकी किंवा बहिरी माणसे कमी ठरतात असे नाही. प्रभूने बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श केला, म्हणजे त्याला समजेल अशा खुणांच्या भाषेत तो आधी बोलला, आणि मग ‘इफ्फाथा’ म्हणाला. मुक्या व्यक्तीला खुणांनी, लिहून किंवा दुभाष्याच्या मदतीने पापनिवेदन करता येते. आणि शमुवेलाची आई हन्ना मंदिरात प्रार्थना करत होती तेव्हा तिचे फक्त ओठ हलत होते. एलीला ती प्यालेली वाटली. देवाने मात्र तिचे सारे म्हणणे ऐकले.

तेव्हा बोलण्याइतकेच ऐकणेही शिकू या. आठवड्यातून एकदा तरी, घरात सर्वांनी फोन बाजूला ठेवून, एकाने शुभवर्तमानाचा उतारा मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. चारशे वर्षांपूर्वी साष्टीच्या देवळांत हेच होत होते.

कुटुंबात व वाडी-प्रार्थनेत विचारण्यासाठी प्रश्न

१. माझ्या घरातील मुले माझा आवाज ऐकून जवळ येतात की दूर जातात?
२. मिस्सेत मी प्रतिसाद देतो का? वाचनसेवेसाठी नाव द्यायला मला कोणती भीती आड येते?
३. गेल्या महिनाभरात माझ्या ओळखीतील कोण गप्प झाले आहे? त्याच्याकडे मी केव्हा जाईन?
४. कोणाशी मी बोलणे टाकले आहे? पेत्राने तीनदा नाकारले आणि तीनदा प्रीती कबूल केली. मी पहिला शब्द कोणता बोलू?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू पित्याचा सनातन शब्द आहेस. आमच्या कंठाला तू आवाज दिलास. त्यातून कोणाला जखम होऊ नये, खचलेल्याला धीर मिळावा, आणि आमच्या लेकरांना तुझी हाक ओळखता यावी, एवढे कर. जे आज कोणाशी बोलू शकत नाहीत त्यांचे तू ऐक आणि आम्हांला त्यांच्याकडे पाठव. आमेन.

आपले धर्मगुरू